भीती मुलाची, दोष कोणाचा?

व्हायोलिनच्या परीक्षेत मुलाच्या हातातला गज थरथरला, की घरी त्याची उलटतपासणी सुरू होते. 'सराव कमी पडला', 'तुझ्यात धीरच नाही', 'आम्ही एवढा पैसा ओतला'. ही तिन्ही वाक्ये अन्यायाची आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

भीती हा आळशांचा रोग असता, तर पाब्लो कझाल्स तिच्यापासून मुक्त असते. हे थोर चेलोवादक जन्मभर मैफिलीपूर्वी धास्तावत. १९०१ साली कॅलिफोर्नियातील टमालपाइस डोंगरावर दगड आदळून त्यांच्या डाव्या हाताची बोटे चेचली. तेव्हा मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: आता चेलो वाजवावा लागणार नाही! पियानोवादक व्लादिमिर होरोवित्स १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षे मैफिलींपासून दूर राहिले. यांचा सराव कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

संकटाची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनालिन स्रवते. छाती धडधडते, बोटे गार पडतात, तोंडाला कोरड पडते. पळणाऱ्याला हे वरदान, गज धरणाऱ्याला मात्र शाप! यात पाप नाही, दुबळेपणाही नाही. म्हणूनच 'प्रार्थना कर, भीती जाईल' एवढे सांगून मुलाला वाटेला लावणारे आम्ही धर्मगुरूही दोषी आहोत. भीती गेली नाही, की ते पोर आपल्या श्रद्धेलाच खोट देत बसते.

'धाकानेच मुले घडतात' असे काहीजण म्हणतील. थोडा ताण वादनाला धार आणतो, हे मला मान्य आहे. परंतु नामुष्कीची धास्ती ती धार बोथट करते. वर्षभर बंद खोलीत शिकवायचे आणि एके दिवशी अनोळखी परीक्षकापुढे उभे करायचे, ही रीत मोडली पाहिजे. मुलाने आधी आजीपुढे वाजवावे, मग शेजाऱ्यांपुढे, मग साध्या रविवारच्या मिस्साला एखादे गीत. चुकल्यावर न थांबता पुढे जाण्याचाही सराव त्याला द्यावा. थरथर थांबविणाऱ्या प्रोप्रानोलॉलसारख्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत. दमेकऱ्याच्या त्या जिवावर बेतू शकतात.

पालकहो, परीक्षेहून परतलेल्या मुलाला 'किती गुण मिळतील?' असे विचारू नका. काय वाजवलेस ते विचारा, आणि तेच पुन्हा आपल्यासाठी वाजवायला सांगा.