दप्तर बंद, लूट चालू



शहराच्या बाजारांत भाजी, मडकीं, केरसुण्या, चपला घेऊन आपण दर आठवड्याला जातों. ओझें आपल्या डोक्यावर, माल आपला, घाम आपला. परंतु बसावयाच्या जागेचा दर किती, हें मात्र आपणांस ठाऊक नाहीं. मक्तेदाराचा माणूस येतो, हात पुढें करतो, आणि आपण कनवटीचे पैसे काढून देतों. पावती मागितली तर ‘पुढच्या बाजारीं कोठें बसतेस तें बघतों’ असा दम मिळतो. आमचा प्रश्न इतकाच कीं, हा दर ज्या कागदावर लिहिला आहे, तो कागद कोणाचा? मक्तेदाराचा, कारकुनाचा, कीं ज्यांच्या पैशावर नगरपालिका चालते त्या लोकांचा?

आम्ही खेड्यांतले मराठी शाळेचे मास्तर. आमच्या गांवची एक मावशी गेलीं वीस वर्षें शहरांत मेथी-कोथिंबीर विकते. तिच्याकडून जागेचे तीस रुपये घेत. ती आम्हांस म्हणाली, “गुरुजी, तुम्ही लिहिणारे-वाचणारे. हे तीस कोणी ठरविले तेवढें विचारा कीं.” आम्ही तिला घेऊन नगरपालिकेंत गेलों. कारकुनानें मावशीकडे पाहिलेंही नाहीं. आम्हांस मात्र म्हणाला, “मास्तर, तुम्हांला काय करायचें आहे? शाळा सांभाळा, नोकरी सांभाळा.”

वाचकहो, हा प्रश्नच बेकायदा आहे! माहितीचा अधिकार अधिनियम 2005 याचें कलम 6 स्पष्ट सांगतें कीं, माहिती कां पाहिजे याचें कारण अर्जदारास विचारतां येत नाहीं. आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला व पोंच घेतली. मागणी दोनच ओळींची: बाजारवसुलीच्या मक्त्याच्या कराराची नक्कल आणि मंजूर दरपत्रक. कायद्याप्रमाणें तीस दिवसांत उत्तर यावयास पाहिजे. तीस गेले, चाळीस गेले; उत्तर नाहीं. मग वीस रुपयांचा स्टॅम्प लावून त्याच कचेरींतल्या वरिष्ठाकडे पहिलें अपील केलें. सुनावणी झाली, सहा पानें देण्याचा हुकूम झाला. तेव्हां कारकून म्हणाला, पानाला दोन रुपये याप्रमाणें बारा रुपये भरा. आम्ही कलम 7 चें सहावें पोटकलम त्याच्यापुढें धरलें: मुदत टळली म्हणजे माहिती फुकट द्यावी लागते. बारा रुपयांनीं आम्ही भिकेस लागत नव्हतों. पण ज्यानें आमचे दोन महिने खाल्ले, त्याला वर दक्षिणा कां द्यावी?

त्या सहा पानांत काय निघालें? मंजूर दर दहा रुपये. प्रत्येकास पावती देण्याची अट. दराचा फलक बाजाराच्या तोंडाशीं लावण्याची अट. म्हणजे वीस रुपये निव्वळ चोरीचे! आम्ही शाळेंत त्रैराशिक शिकवितों, तें येथें कामास आलें. त्या बाजारीं आम्ही स्वतः दोनशें जागा मोजल्या. दोनशें जागांचे वीसप्रमाणें चार हजार. वर्षाचे बावन्न बाजार. दोन लाख आठ हजार रुपये. एवढी रक्कम वर्षाकाठीं मेथीच्या जुड्यांतून आणि मडक्यांतून गेली, आणि ती जावी म्हणून कोणास कुलूप फोडावें लागलें नाहीं. दप्तराला कुलूप असलें म्हणजे पुरे होतें.

कागद ज्याच्या हातीं त्याच्या हातीं गांव, हें आपल्या वाडवडिलांना पुरतें ठाऊक होतें. म्हणूनच शाहू छत्रपतींनीं 1918 सालीं आपल्या संस्थानांत कुळकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. जोतीराव फुले 1876 पासून 1882 पर्यंत पुणें नगरपालिकेचे सभासद होते. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये उधळण्याचा बेत पुढें आला, तेव्हां एकट्या जोतीरावांनीं विरोध केला. लोकांच्या पैशाचा हिशेब विचारणें हा धडा त्यांनीं घालून दिला आहे.

पण आतां एक कडू गोष्ट बोलणें भाग आहे. कुळकर्णी गेला, भटशाही गेली असें आपण म्हणतों. आज नगरपालिकेंत बसतात ते पुष्कळसे आपलेच भाऊबंद. मक्तेदारही आपलाच पाव्हणा. मग दप्तर उघडलें काय? नाहीं! कुलूप तेंच राहिलें, किल्लीचा मालक तेवढा बदलला. जयंतीला जोतीरावांच्या तसबिरीला हार घालावयाचा आणि दुसऱ्या दिवशीं भाजीवालीला दराचा कागद दाखवावयाचा नाहीं, याला आम्ही ढोंग म्हणतों. लुटणारा आपल्या जातीचा निघाला म्हणून लूट गोड होत नाहीं.

अधिकारी म्हणतात, अर्ज फार येतात, कामाचा वेळ जातो. कांहीं लोक अर्जाचा धाक घालून पैसे उकळतात. असे उपटसुंभ आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्यांना धरा आणि शिक्षा करा. परंतु कायद्याच्या कलम 4 प्रमाणें सतरा प्रकारची माहिती कचेरीनें न मागतां, आपण होऊन, कायदा झाल्यापासून 120 दिवसांत प्रसिद्ध करावयाची होती. ती केली असती तर दहा रुपयांच्या दरासाठीं मावशीला अर्ज कां करावा लागता? उजेडांत ठेवलेल्या वस्तूची भीति घालून कोणाला पैसे उकळतां येत नाहींत.

हा कायदा आपणांस कोणीं दान दिलेला नाहीं. राजस्थानांतील मजूर-शेतकऱ्यांनीं 1994 पासून गांवोगांव जनसुनावण्या घेऊन हजेरीपटांचा जाब विचारला. 1996 सालीं ब्यावर शहरांत ते चाळीस दिवस धरणें धरून बसले. आपल्या महाराष्ट्रांतही 2002 चा कायदा आंदोलनानंतरच आला. आतां तो हळूहळू बोथट केला जात आहे. ‘जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारतां येत नाहीं, ती कोणालाही नाकारूं नये’ अशा अर्थाची तरतूद कलम 8 मध्यें होती. 2023 सालीं विदा संरक्षणाचा कायदा करून संसदेनें ती काढून टाकली. उद्यां मक्तेदाराचें नांव विचारलें तरी ‘तें खासगी आहे’ असें उत्तर येईल. तेव्हां व्यापक जनहिताचें कलम 8 चें दुसरें पोटकलम अजून शिल्लक आहे, हें ध्यानांत ठेवा व अर्जांत लिहा.

मग करावें काय? अर्ज एकाच विषयाचा व दीडशें शब्दांच्या आंत ठेवा. महाराष्ट्राचा नियम तसा आहे. ‘कां’ व ‘कसें’ विचारूं नका. कागदाचें नांव घेऊन नक्कल मागा. पोंच घेतल्याशिवाय हलूं नका. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाहीं. दाखल्याची प्रत जोडा. पहिल्या अपिलानें काम झालें नाहीं तर नव्वद दिवसांच्या आंत राज्य माहिती आयोगाकडे जा. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला 250 रुपये, पंचवीस हजारांपर्यंत दंड होतो. आणि एकट्यानें जाऊं नका. तळेगांव दाभाडे येथें जमिनींचे व्यवहार उघड करणारे सतीश शेट्टी यांचा 2010 च्या जानेवारींत खून झाला, हें विसरूं नका. एकट्या नांवाच्या एका अर्जाला धमकी देणें सोपें. पन्नास नांवांच्या पन्नास अर्जांना धमकावणार कोण?

आमच्या बाजारांत आतां फलक लागला आहे. अजून कोणी नवखी बाई दिसली कीं मक्तेदाराचा माणूस वीस मागून पाहतो. तेव्हां मावशी जागेवरून उठते, तिला हाताला धरून फलकाशीं नेते आणि दहाच्या आंकड्यावर बोट ठेवते. मावशीला अक्षर येत नाहीं. पण तेवढा आंकडा तिनें आमच्याकडून शिकून घेतला आहे. तुमच्या बाजारांत फलक आहे काय? नसेल तर या आठवड्यांत दहा रुपयांचा स्टॅम्प आणा. लिहून द्यावयास गांवचा मास्तर आहेच. तो कचरला तर आम्हांस कळवा.