जप्तीची यादी

अतिक्रमणाची गाडी कोपऱ्यावर दिसली की मंडईबाहेर बसणाऱ्या मावशी आधी तराजू उचलतात, मग हाताला लागतील तेवढ्या कोथिंबिरीच्या जुड्या ओच्यात घेतात. टोपली राहते ती जाते. परवाना पिशवीत असलेल्या बाईलाही असेच पळावे लागते. आपल्या शहरांची ही रीत बनली आहे, आणि ती बेकायदा आहे.

रस्त्यावर माल विकणे हा घटनेच्या कलम 19(1)(छ) खालील व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सांगितले. त्यावर वाजवी बंधने घालता येतात आणि अमुक एका जागेवर कायमचा हक्क कुणाला सांगता येत नाही, हेही त्याच निकालात आहे. पादचाऱ्यालाही पदपथ हवा, ही तक्रार खरी आहे. दोघांचा मेळ घालण्यासाठीच 2014 मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कुणाला उठवता येत नाही. प्रमाणपत्र रद्द करायचे तर आधी बाजू ऐकावी लागते. उठवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला.

पण आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते ते या कायद्याचे कलम 19. माल जप्त केला तर त्याची यादी करायची आणि सही करून तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. नाशवंत माल मागितल्याच्या दिवशीच परत करायचा, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत. पहाटे उसनवारी करून आणलेली भाजी संध्याकाळी कचरा होते, हे ही कलमे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. यादी हाती नसेल तर काय नेले, किती नेले, हे मावशींनी कोणाला आणि कशाच्या आधारे सांगायचे? मग गोदामाच्या दारात हुज्जत, नाहीतर हात जोडणे.

परवाना म्हणजे साहेबांची मेहेरबानी, ही समजूत कार्यालयात मुरलेली आहे. ती मोडायला आयुक्तांचा एक आदेश पुरे: जप्तीच्या प्रत्येक गाडीत यादीची छापील वही असावी, यादीवर अधिकाऱ्याचे नाव व सही असावी, आणि यादी न देता उचललेला माल त्याच दिवशी, एक रुपयाही दंड न घेता, जागेवर आणून द्यावा.