तकदीर नव्हे, मेडिकलवरची बाटली

डोळे लाल झाले, खाज सुटली, की आपल्या मोहल्ल्यात डॉक्टर आठवत नाही, मेडिकल आठवतं. ‘भाई, आँख का ड्रॉप देना.’ चिठ्ठी कोणी विचारत नाही. दोन दिवसांत डोळे स्वच्छ होतात आणि तीच बाटली घरात सगळ्यांसाठी वर्षानुवर्षं चालते.

त्या बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलं असेल, तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड शत्रू नाही. ऑपरेशननंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर तेच डोळा वाचवतं. पण डोळ्यातलं पाणी ज्या बारीक जाळीतून बाहेर जातं, ती जाळी स्टिरॉइडमुळे तुंबू शकते आणि दाब वाढतो. नेहमीचा दाब पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटर. काही आठवडे सतत थेंब घातले, तर साधारण तिघांतल्या एकाचा दाब वाढतो, शंभरात पाच-सहा जणांचा तर फारच. बहुधा दुखत नाही. नजर कडेकडेने जाते आणि गेलेली परत येत नाही. हाच काचबिंदू.

सर्वांत जास्त राग येतो तो मुलांबाबत. उन्हाळ्यात डोळे चोळायला लावणारी ॲलर्जी बहुतेकांची वयात येता येता आपोआप ओसरते. ॲलर्जी जाते; थेंबांनी दिलेलं अंधत्व राहतं. मग आपण म्हणतो, ‘तकदीर!’

कसली तकदीर? 1945 च्या औषध नियमांतल्या शेड्यूल एचनुसार हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकताच येत नाहीत. कायदा मोडणाऱ्याच्या गुन्ह्यावर अल्लाहचं नाव लिहू नका.

कोणी म्हणेल, दवाखान्यात रांग लावली तर रोजी बुडते. खरं आहे. म्हणूनच वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांचा दाब तपासण्याची सोय मागायला हवी. जलशाच्या मंडपासाठी वर्गणी काढणारे आपण, या मागणीचा एक अर्ज नगरसेवकाकडे नेत नाही. जुम्याच्या नमाजनंतर दोन मिनिटांचं एलानही करत नाही.

तरुणांनो, आज घरातली बाटली वाचा. चिठ्ठी आणि बिलाशिवाय डोळ्याचं औषध घेऊ नका. डॉक्टरांनी स्टिरॉइड दिलं असेल, तर ते स्वतःहून बंद करू नका. किती दिवस घालायचं आणि दाब कधी मोजायचा, हे विचारा. हा सवाल उद्धटपणा नाही, हक्क आहे. दुआ जरूर करा, पण दवा कोणती आहे हे वाचून.