हिराच्या टोकाला पीस

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं आमच्या गिरीजमध्ये जुनी माणसं अजून म्हणतात. घर बदललं की मांजर मागे फिरतं, हा त्यांचा दाखला. मला ते पटत नाही. मांजरही माणसाचं होतं, पण नुसतं ताटलीत मासळीचं डोकं टाकून होत नाही. त्याच्याशी रोज थोडा वेळ शिकारीचा डाव मांडावा लागतो, आणि त्यात शिकार आपण व्हावं लागतं.

साहित्य वाडीतच असतं. नारळाच्या झावळीचा लांब हीर आणि टोकाला घट्ट बांधलेलं कोंबडीचं पीस. बाजारात याच कामाच्या प्लॅस्टिकच्या काठ्या मिळतात, पण हिराची लवचीकता त्यांना नाही. आमच्या सोनीच्या तोंडापुढे पीस नाचवलं तर ती मान फिरवते, आणि बरोबरच आहे. उंदीर कधी मांजराच्या तोंडाकडे धावत येतो का? पीस भिंतीच्या कडेने लांब सरकवायचं, मध्येच थांबवायचं, पाटाआड न्यायचं. दिसेनासं झालं की तिचे कान पुढे येतात, अंग जमिनीला लागतं, मागचा भाग डुलायला लागतो. मग झडप. मांजराला अगदी नाकासमोरचं नीट दिसत नाही; त्या शेवटच्या वीतभरात मिशा पुढे वळतात आणि त्याच वाट दाखवतात.

तिला जिंकू द्यायचं, हे मी घरातल्या पोरांना पुन्हापुन्हा सांगतो. दबा, पाठलाग, झडप, चावा आणि शेवटी खाणं, हा क्रम पुरा झाला तरच मांजर निवतं. लेझरचा लाल ठिपका मला म्हणूनच नको वाटतो. धावाधाव भरपूर, पण पंजाखाली काहीच लागत नाही. आमच्याकडे शेवटी पीस सोनीच्या पंजात राहतं आणि लगेच काटे काढलेल्या, बिनमिठाच्या मासळीचा एक घास मिळतो. मग ती अंग चाटते आणि झोपते. आणखी एक गोष्ट: बोटांनी खेळवू नये. पिल्लू असताना गंमत वाटते, पण मोठेपणी तेच मांजर हाताला शिकार समजतं.

वेळ दिवेलागणीची बरी. पहाट आणि सांज हेच मांजराच्या शिकारीचे प्रहर. हिरा डोंगरीच्या आसपासच्या वाड्यांत त्याच वेळी पाखरंही झाडांवर उतरतात, म्हणून मला या खेळाचं मोल दुप्पट वाटतं. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार पंचवीस टक्क्यांनी घटली. पाखरांसाठी मात्र गळ्यात घालायचा रंगीबेरंगी कापडी पट्टा अधिक कामी आला. त्याने घरी आणलेले पक्षी बेचाळीस टक्क्यांनी कमी झाले.

धोका एकच, पण मोठा. आपल्याकडे मोगरा ओवायचा दोरा घराघरांत पडलेला असतो. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही, आतच ओढला जातो. एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकलं की आतडी त्या दोऱ्यावर चुण्या पडून गोळा होतात आणि कापलीही जातात. शेपटीखाली दोरा लोंबताना दिसला तर ओढू नये, तडक जनावरांच्या डॉक्टरकडे जावं. खेळ संपला की हीरही कपाटात जायला हवा, पीस चघळायला मोकळं ठेवू नये.

राहिला प्रश्न माणसाचं होण्याचा. सोनीला खायला घालते माझी सून. तरी दिवे लागले की शेपूट उभी करून ती येते माझ्याकडे, कपाटापर्यंत चालत जाते आणि वळून बघते. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाळीव आणि आश्रयगृहातल्या मांजरांपुढे खाणं, खेळणं, वास आणि माणसाची सोबत असे चार पर्याय ठेवले होते. सुमारे निम्म्या मांजरांनी माणूस निवडला. खाण्याचा क्रमांक दुसरा होता.

म्हाताऱ्या मांजरालाही वगळू नका. त्याला उड्या नकोत. गोणपाटाखाली काडी हळूहळू सरकवली, तरी ते पडल्यापडल्या एक पंजा टाकतं. तेवढा डावही त्याला पुरतो.