वीस गुणांचा धडा

जून २०१९ मध्ये महाराष्ट्र राज्य मंडळाचा दहावीचा निकाल जाहीर झाला आणि पालकवर्गात एकच खळबळ उडाली. २०१८ साली ८९.४१ टक्के असलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला होता. एका वर्षात मुले मठ्ठ झाली नव्हती, की शिक्षक शिकवणे विसरले नव्हते. अभ्यासक्रम नवा होता, हे एक कारण होतेच. परंतु सर्वाधिक चर्चा झाली ती भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण बंद केल्याची. अकरावीच्या प्रवेशात अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांपुढे राज्य मंडळाची मुले मागे पडतील, अशी ओरड झाली. अखेर हे गुण पुन्हा सुरू झाले आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता, हे खरे. तरीही चढाव डोळ्यांत भरणारा होता. पालक निश्चिंत झाले आणि चर्चा संपली.

वस्तुतः ती तेथेच सुरू व्हावयास हवी होती. हे वीस गुण कशासाठी होते? मुलाने वर्गात उभे राहून आपले म्हणणे मांडावे, एखादी कविता आपल्या समजुतीने उलगडावी, गावातील जुन्या विहिरीची वा बाजाराची माहिती स्वतः फिरून गोळा करावी, यासाठी. तीन तासांच्या लेखी परीक्षेत जे मोजता येत नाही, त्यासाठी परीक्षापद्धतीने राखून ठेवलेली ती चिमूटभर जागा होती. प्रत्यक्षात अनेक शाळांत तोंडी परीक्षा दोन मिनिटांत उरकली जाई, प्रकल्पाची वही दुकानातून तयार येई आणि गुण मात्र सर्वांना सढळ हाताने मिळत. सर्जनशीलतेची ही जागा उत्तीर्णतेची कुबडी झाली. म्हणूनच ती काढताच निकाल कोसळला आणि परत देताच उभा राहिला. या दोन्ही वेळी मुलाला बोलता येते की नाही, हे मात्र कोणी विचारले नाही.

यावर काही विचारवंत थेट परीक्षेवरच घाव घालतात. हा उपाय आकर्षक असला तरी अविचारी आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. तेव्हापासून सामायिक परीक्षेने घोकंपट्टी वाढवली, हे जितके सत्य, तितकेच हेही सत्य की उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो, आडनाव नसते. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणी नाही, अशा खेड्यातील मुलाला या निनावी न्यायानेच वर येण्याची वाट दिली. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षा होऊ शकली नाही, शाळांनी दिलेल्या गुणांवर निकाल लावावा लागला आणि तो ९९.९५ टक्के लागला. परिस्थिती अपवादात्मक होती. परंतु पडताळणी नसलेले गुण काहीच सांगत नाहीत, हे त्यातून स्पष्ट झाले.

दुसरीकडे, सर्जनशील शिक्षण म्हणजे श्रीमंतांच्या शाळांचे चोचले, हा समजही तितकाच चुकीचा आहे. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे प्रयोग करणाऱ्या ताराबाई मोडक पुढे अनुताई वाघ यांच्यासह डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर वनवासी मुलांसाठी काम करत राहिल्या. महागड्या परदेशी साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले हीच तेथील शैक्षणिक साधने झाली. गुरे राखणारे मूल शाळेत येत नसेल, तर शाळाच कुरणात गेली. या कुरणशाळेला लागला तो पैसा नव्हे, तर मुलाकडे डोळसपणे पाहणारा शिक्षक.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही पाठांतराऐवजी मूलभूत क्षमता तपासणाऱ्या मंडळ परीक्षा आणि समग्र प्रगतिपत्रक यांचा आग्रह धरलेला आहे. दिशा योग्य आहे. परंतु प्रगतिपत्रकातील रकाने वाढवून दृष्टी बदलत नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात, अशैक्षणिक कामांच्या ओझ्याखाली असलेल्या शिक्षकाकडून प्रत्येक मुलाचे निरीक्षण अपेक्षिणे म्हणजे आणखी एक खोटी नोंदवही तयार करविणे होय.

तेव्हा वीस गुण राहावेत. पण ते खरे व्हावेत. शेजारच्या शाळेतील शिक्षकाने काही मुलांची तोंडी परीक्षा पुन्हा घेऊन नोंदी पडताळाव्यात. उरलेल्या ऐंशी गुणांतही प्रत्येक विषयात निदान एक प्रश्न असा असावा, ज्याचे उत्तर कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचात छापता येणार नाही. पालकांनीही निकालाच्या टक्केवारीबरोबर एक साधी गोष्ट घरीच तपासावी : दहावी झालेले आपले मूल वाचलेल्या धड्याविषयी पाच वाक्ये स्वतःच्या शब्दांत बोलू शकते का? ते बोलू शकत नसेल, तर वीसपैकी मिळालेले एकोणीस गुण हे कौतुक नसून फसवणूक आहे. आणि तिची किंमत शाळा वा मंडळ नव्हे, ते मूलच पुढे आयुष्यभर चुकवीत राहते.