मैदानाबाहेर राहिलेला चष्मा

माण तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेच्या मैदानावर संध्याकाळचा सराव सुरू होताना पाहावे. मुले चपला, दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या कडेला ठेवतात. त्यांच्याच शेजारी एखादा चष्मा रुमालात गुंडाळून ठेवलेला असतो. खेळ संपला की तो पुन्हा डोळ्यांवर चढतो. वर्गातला फळा दिसावा म्हणून दिलेला हा चष्मा, जिथे नजरेची खरी कसोटी लागते तिथे मात्र मुलाच्या कामी येत नाही. तो फुटेल ही भीती असते. फुटला तर दुसरा कधी मिळेल याची खात्री नसते, आणि चष्मा लावून कबड्डी कशी खेळायची हा व्यावहारिक प्रश्न तर असतोच.

ही बाब वरकरणी किरकोळ वाटेल. पण माणसारख्या दुष्काळी तालुक्यात खेळ ही केवळ करमणूक उरलेली नाही. शेती पावसावर, पाऊस बेभरवशाचा आणि जवळपास उद्योग नाहीत, अशा परिस्थितीत लष्कर, पोलीस आणि क्रीडा गुणवत्तेवर मिळणारी नोकरी या वाटा इथल्या तरुणांना फार पूर्वीपासून जवळच्या वाटतात. ललिता बाबर याच तालुक्यातील मोही गावची. २०१५ मध्ये वुहान येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक मिळवले आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरी गाठून दहावा क्रमांक पटकावला. त्यानंतर माणदेशातल्या मुलींच्या डोळ्यांसमोर धावण्याचे एक ठोस चित्र उभे राहिले. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनसारख्या संस्थेनेही ग्रामीण मुला-मुलींच्या क्रीडा प्रशिक्षणात लक्ष घातले आहे. मुलांची उंची, वजन, धावण्याची वेळ यांची नोंद आता काळजीपूर्वक होते. वयाच्या दाखल्यावरून तर स्पर्धेच्या दारात भांडणे होतात. डोळ्यांवरून तसा काथ्याकूट झाल्याचे मात्र ऐकिवात नाही.

स्टीपलचेसचेच उदाहरण घेऊ. या शर्यतीत साधे २८ आणि पाण्याचे ७ असे ३५ अडथळे ओलांडावे लागतात. महिलांसाठी त्यांची उंची ७६.२ सेंटिमीटर असते आणि हर्डल्सप्रमाणे पाय लागला की ते कोसळत नाहीत. कोसळतो तो धावपटू. धावता धावता अडथळा किती अंतरावर आहे आणि कोणत्या पावलावर उडी घ्यायची, याचा निर्णय दोन्ही डोळे मिळून करतात. एका डोळ्याला धूसर आणि दुसऱ्याला स्पष्ट दिसत असेल तर हा अंदाज चुकतो. पाय अडखळला की प्रशिक्षक मुलीच्या तंत्राला दोष देतो, घरचे तिच्या धीटपणाला. डोळ्यांची शंका क्वचितच कोणाला येते. मुलीलाही येत नाही, कारण सर्वांना असेच दिसते अशी तिची समजूत असते.

चष्म्याच्या नंबरचा अर्थ समजून घेतला तर हे चित्र अधिक स्पष्ट होईल. उणे एक नंबर असलेल्या मुलाला चष्म्याविना सुमारे एक मीटरपर्यंतचे जग रेखीव दिसते, त्यापलीकडे ते धूसर होत जाते. उणे दोन असेल तर ही मर्यादा अर्ध्या मीटरवर येते, उणे चार असेल तर अवघ्या पंचवीस सेंटिमीटरवर. म्हणजे उणे एक नंबरचा मुलगा कबड्डीच्या चढाईत कसाबसा निभावून नेईल, कारण प्रतिस्पर्धी हाताच्या अंतरावर असतो. हॉकी किंवा क्रिकेटमध्ये तसे होत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणारा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोहोचतो. तो गोलंदाजाच्या हातातून सुटतानाच दिसावा लागतो. निम्म्या वाटेवर दिसून उपयोग नाही.

मुलांचे डोळे तपासण्याची शासकीय व्यवस्था नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यातील फिरत्या वैद्यकीय पथकांनी अंगणवाडीतील बालके वर्षातून दोनदा आणि शाळांतील मुले एकदा तपासावीत, अशी योजना आहे. दृष्टिदोषाचा त्यात समावेश आहे. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातूनही शाळकरी मुलांना मोफत चष्मे दिले जातात. पण चष्मा दिला म्हणजे तो वापरला जातो, हे गृहीतकच तपासून पाहण्यासारखे आहे. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांमध्ये चष्मे वाटल्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुन्हा तपासलेल्या १०१८ मुलांपैकी अवघ्या ३०० मुलांच्या डोळ्यांवर चष्मा आढळला. कोणाचा घरी राहिला होता, कोणाचा मोडला होता, कोणाला सोबती चिडवत होते. माण आणि ग्रामीण पुणे यांत फार मोठे सामाजिक अंतर नाही. त्यात इथे आणखी दोन गोष्टींची भर पडते. मुलाला चष्मा लागला तर तो भरतीत बाद होईल आणि मुलीला लागला तर तिचे लग्न अडेल, या धास्तीने तपासणीच टाळणारे पालक आजही भेटतात. न तपासल्याने नंबर नाहीसा होत नाही, तो फक्त उशिरा कळतो. आळशी डोळ्याच्या बाबतीत तर हा उशीर फार महागात पडतो. एका डोळ्याचा नंबर मोठा असला तर मेंदू त्या डोळ्याचे चित्र स्वीकारणे सोडून देतो. वयाच्या सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून व चांगला डोळा ठरावीक वेळ झाकून ही सवय बरीचशी मोडता येते. पुढे ते अधिकाधिक अवघड होत जाते.

आता पर्यायांकडे वळू. शहरी पालकांच्या मनात चष्मा नको म्हटले की लगेच कॉन्टॅक्ट लेन्स किंवा लेसर येते. पैकी लेसर शस्त्रक्रियेचा विचार अठरा वर्षांच्या आत करू नये आणि त्यानंतरही नंबर किमान वर्षभर स्थिर असल्याची खात्री करून घ्यावी, हा सर्वमान्य संकेत आहे. वाढत्या वयात डोळ्याचा गोलही वाढत असतो. आज घालवलेला नंबर उद्या पुन्हा येतो. शिवाय लेसिकमध्ये बुबुळाच्या पारदर्शक पटलाचा एक पातळ पापुद्रा उचलून पुन्हा बसवलेला असतो. कुस्ती, मुष्टियुद्ध, कबड्डी यांत डोळ्याला बोट किंवा कोपर लागण्याचा धोका असतो आणि असा पापुद्रा पुढे कित्येक वर्षांनीही सरकू शकतो. म्हणून अशा खेळाडूंना पापुद्रा न उचलणाऱ्या पद्धती सुचवल्या जातात. आणखी एक गोष्ट लेसरच्या जाहिराती सांगत नाहीत. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात मागचा पडदा ताणून पातळ झालेला असतो, आणि शस्त्रक्रियेने नंबर गेला तरी पडदा पातळच राहतो. अशा मुलाला तालमीत पाठवण्यापूर्वी बाहुली विस्फारून पडद्याची तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे. हे काम चष्म्याच्या दुकानातील यंत्र करू शकत नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सचे गुण निर्विवाद आहेत. कडेचे दिसते, घामाने धुके धरत नाही, चौकट मोडण्याचा प्रश्न नाही. आठ-दहा वर्षांची मुलेही नीट शिकवल्यास मऊ लेन्स हाताळू शकतात, हे परदेशांत दिसून आले आहे. पण ही सारी चर्चा स्वच्छ वाहते पाणी, साबण आणि आरसा गृहीत धरून केलेली असते. ज्या तालुक्याने उन्हाळ्यामागून उन्हाळे टँकरची वाट पाहिली, तिथल्या वसतिगृहात हात धुण्याचे पाणी हेदेखील मोजून वापरायची वस्तू असते. लेन्स नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याने कधीही धुवायची नसते. त्या पाण्यातील अकँथअमिबा नावाच्या सूक्ष्मजीवाने होणारा संसर्ग डोळा घालवू शकतो. लेन्स घालून विहिरीत पोहणे तर सर्वस्वी वर्ज्य. त्यात मुरमाड मैदानावरची धूळ. कडक लेन्सखाली धुळीचा कण गेला की डोळा उघडणे अशक्य होते. मऊ लेन्समध्ये हा त्रास कमी, पण नाहीच असे नव्हे. म्हणून लेन्स वापरायचीच तर रोज नवी घालून संध्याकाळी टाकून द्यायची, आणि तीही समज आलेल्या मुलाने, प्रामुख्याने कुस्तीसारख्या जिथे चष्मा चालतच नाही अशा खेळासाठी. लेन्स चेंडूपासून डोळ्याचे रक्षण करत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

रात्री कडक लेन्स घालून झोपायचे आणि दिवसा ती काढून स्पष्ट पाहायचे, अशीही एक पद्धत मोठ्या शहरांत रुजते आहे. तिचा खर्च, स्वच्छतेची कडक शिस्त आणि तज्ज्ञाकडे वारंवार घालाव्या लागणाऱ्या खेपा पाहता माणमध्ये तिची चर्चा करणे आजतरी फोल आहे. दहिवडीहून साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय साठ किलोमीटरहून दूर आहे आणि म्हसवड त्याहूनही पलीकडे.

उरतो चष्माच, पण वर्गातला नव्हे. खेळासाठी बनवलेल्या चष्म्याची भिंगे पॉलिकार्बोनेटची असतात. साध्या काचेचे भिंग फुटले की त्याच्या धारदार तुकड्यांपासूनच डोळ्याला धोका असतो. नेहमीचे प्लॅस्टिकचे भिंगही जोराच्या माराने तडकते. पॉलिकार्बोनेट सहसा फुटत नाही. चौकट एकसंध, बिजागरीविना, नाकावर आणि कपाळाच्या कडेला मऊ गादी असलेली, आणि मागे रुंद पट्टा. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असे चष्मे घालण्यास स्पष्ट मुभा आहे. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेदरलँड्सचा एडगर डेव्हिड्स असाच चष्मा लावून वर्षानुवर्षे खेळला आणि तो चष्माच त्याची ओळख ठरला. आपल्या क्रिकेटमध्येही चष्मा काही परका नव्हता. अंशुमन गायकवाड आणि दिलीप दोशी चष्मा लावून खेळले. नरेंद्र हिरवाणीने १९८८ मध्ये मद्रासला पदार्पणातच वेस्ट इंडिजचे १६ बळी घेतले, तेही चष्म्यातूनच. अनिल कुंबळेच्या कारकिर्दीचा आरंभही चष्म्यानिशीच झाला. चष्मा लावणारा मुलगा 'नाजूक' असतो ही समजूत आपल्या मैदानांवर कोठून आली, कोण जाणे.

पॉलिकार्बोनेटचा एक दोष मात्र सांगितला पाहिजे. त्यावर ओरखडे लवकर पडतात. धुळीने भरलेले भिंग शर्टाच्या टोकाने पुसले तर महिन्याभरात ते गढूळ होईल; आधी पाण्याने धूळ घालवावी, मगच पुसावे. इथेही पाणी लागतेच, पण ते पिण्याच्या बाटलीतले चालते.

सर्वांत अधिक काळजी हवी ती एकाच डोळ्याने नीट पाहणाऱ्या मुलाची. चष्मा लावूनही ज्याच्या कमकुवत डोळ्याची दृष्टी ६/१२ पेक्षा कमी राहते, त्या मुलाने डोळ्यांना इजा होण्याचा संभव असलेल्या प्रत्येक खेळात संरक्षक चष्मा घातलाच पाहिजे आणि मुष्टियुद्धासारख्या खेळात उतरूच नये, असा दंडक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी संयुक्तपणे घालून दिला आहे. मन्सूर अली खान पतौडी १९६१ मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावूनही पुढच्याच वर्षी भारताचा कर्णधार झाला, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. ती सांगताना त्याचा दुसरा डोळा शाबूत राहिला हे भाग्य आपण विसरतो. चेंडूचे एक उसळणे काय करू शकते, हे २००० मध्ये ढाक्यात यष्टिरक्षक सबा करीमच्या बाबतीत दिसले. आणि गावाकडे तर हॉकी-क्रिकेटच्याही आधी विटी-दांडू आहे. टोलवलेली विटी डोळ्यात गेल्याच्या दुखापती नेत्रतज्ज्ञांना नव्या नाहीत.

यावर उपाय फार खर्चिक आहे असे नाही. ज्या पथकांनी शाळेत नजर तपासायची, त्यांनीच मुलाला 'तू काय खेळतोस' एवढा प्रश्न विचारून तो कागदावर नोंदवला, तरी खेळाडू मुलांची वेगळी यादी तयार होईल. मोफत चष्म्याच्या योजनेत अशा मुलांना पॉलिकार्बोनेटची भिंगे आणि पट्ट्याची चौकट देण्याची तरतूद हवी. शक्य झाल्यास एकाऐवजी दोन चष्मे द्यावेत, म्हणजे एक फुटला तर मूल वर्षभर आंधळेपणाने खेळणार नाही. तालुका क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशपत्रिकेत वयाच्या दाखल्याशेजारी दोन्ही डोळ्यांच्या दृष्टीचा एक रकाना वाढवणे हे तर निव्वळ इच्छेचे काम आहे. प्राथमिक तपासणीसाठी सहा मीटरचे अंतर, भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता आणि तो वाचून घेणारा क्रीडाशिक्षक पुरेसा आहे. ज्याला खालच्या ओळी दिसत नाहीत त्याला दहिवडीच्या ग्रामीण रुग्णालयात, आणि गरज पडल्यास साताऱ्याला किंवा मिरजेच्या नेत्र रुग्णालयात पाठवता येते.

चीनमधील ग्वांगझू शहरात शाळांमध्ये मुलांना रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर ठेवण्याचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत त्या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना उणे नंबर लागला, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मोकळ्या उजेडात वावरल्याने नंबर लागणे लांबते, असा त्याचा अर्थ. माणच्या माळरानावर हा उजेड बारमाही आणि फुकट आहे. मात्र ज्या मुलाला नंबर आधीच लागला आहे त्याचा चष्मा उजेडाने उतरत नाही, आणि त्याला येत्या स्पर्धेत चेंडू दिसायला हवा आहे.