कळंक आणि कल्हई

पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या भागात कुणी पुस्तकातून शिकले नाही. भांड्याच्या काठावर हिरवट थर दिसला की घरातल्या बायका ओळखत, कल्हई गेली. मग नवसागर आणि कथील घेऊन कल्हईवाला गल्लीत भाता लावून बसे आणि भांडे पुन्हा चंदेरी होऊन घरात येई. कल्हईवाले आता दिसत नाहीत, पण तो हिरवा थर मात्र गेलेला नाही. तो आता आपल्या मोटारसायकलच्या हँडलवर येऊन बसला आहे.

वाचकहो, थट्टा नव्हे. हँडलवर मोबाईल किंवा जीपीएसचे यंत्र अडकवायचा जो होल्डर असतो, त्यात चार्जिंगच्या बारीक पिना असतात. पावसाळ्यात दोन महिने गाडी उघड्यावर उभी राहिली की त्या पिनांवर हिरवे-काळे साचते आणि चार्जिंग बंद पडते. सोलापूरकडून गाणगापूरला दर्शनाला येणाऱ्या हौशी स्वारांना त्याचे फार वाटत नाही. ते कोपऱ्यावरच्या टपरीत रस्ता विचारतात आणि पुढे जातात. पण माझ्या वर्गातली काही मुले सकाळी तास करून दुपारी भालकी, औराद, आळंद या बाजूच्या खेड्यांत पार्सल पोचवतात. फोन बंद झाला की पत्ता जातो, गिऱ्हाइकाचा नंबर जातो, पार्सल परत न्यावे लागते. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि महिनाअखेरीस फीचा हप्ता अडतो.

मुले मेकॅनिककडे जातात. तो म्हणतो, ‘कार्बन धरलाय’, आणि पॉलिश पेपरने पिना घासून देतो. दोन दिवस चालते, आठवड्याने पुन्हा तेच. मी भाषेचा माणूस, म्हणून आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, ‘सर, तो कार्बन नव्हे, तुमचा कळंकच आहे.’

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. 1800 साली व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने चांदी आणि जस्ताच्या चकत्या एकावर एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवले आणि वीज निर्माण केली. दोन वेगळे धातू आणि मधे खारट ओल असली की वीज वाहते, पण त्यात एक धातू झिजत जातो. आपल्या होल्डरमध्ये नेमके हेच घडते. पिनेचे पोट तांब्या-पितळेचे, वरून निकेल आणि सोन्याचा पातळ मुलामा. खारट ओल पुरवायला पावसाचे पाणी, हाताचा घाम आणि युरियाच्या पोत्याची धूळ आहेच. त्यात वायर थेट बॅटरीला जोडलेली असेल, तर गाडी रात्रभर उभी असतानाही दोन पिनांमधल्या ओलीतून प्रवाह झिरपत राहतो आणि धन बाजूची पीन हळूहळू विरघळते. म्हणून बहुतेक वेळा एकच पीन आधी खराब होते. सोन्याचा मुलामा मायक्रॉनभरही जाड नसतो. पॉलिश पेपर मारला की तो जातो, आणि कल्हई गेलेल्या भांड्यासारखी ती पीन उघडी पडते.

हे ऐकताना मला आपली बिदरी आठवली. बिदरीचे भांडे जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, त्यावर चांदीची तार ठोकून बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून त्याचा लेप देतात. जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच लखलखीत राहते. शेवटी तेलाचा हात फिरवला की तो काळा रंग आणखी खुलतो. 2023 साली पद्मश्री मिळालेले बीदरचे शाह रशीद अहमद कादरी हीच कला करतात. कल्हईवाला ज्या नवसागराने तांबे स्वच्छ करी, तोच इथे जस्त काळे करतो. कोणत्या धातूला काय लावायचे, कुठे थांबायचे आणि शेवटी वर कशाचे आवरण द्यायचे, हे ज्याला कळते तो कारागीर. ते न कळता नुसते घासत राहिले की वस्तू हातची जाते.

तेव्हा पिनांना पॉलिश पेपर लावू नका. बॅटरीची जोडणी काढून मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने त्या पुसा व पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचे अगदी पातळ बोट फिरवा. हे ग्रीस स्वतः वीज वाहून नेत नाही, पण पीन दाबली गेली की ते बाजूला सरते. धातूला धातू भिडतो आणि भोवती पाण्याला वाट उरत नाही. काहीजण व्हॅसलिन लावतात. बॅटरीच्या टोकांना ते चालत आले आहे, पण कलबुर्गीच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीवर ते वितळून ओघळते.

होल्डरची वायर इग्निशनच्या चावीवर चालणारी करून घ्या, म्हणजे उभ्या गाडीत प्रवाह राहणार नाही. बॅटरीजवळ तीन अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली तर गाडीला आग लागण्याची भीती असते. वायरला जोडाच्या खाली थोडा झोल ठेवा, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोलावरून खाली गळेल. फोन काढला की पिनांवर रबरी टोपण बसवा. सर्व्हिसिंगच्या वेळी पाण्याचा फवारा होल्डरवर मारू देऊ नका. आणि फोन भिजला तर तो तांदळाच्या डब्यात खुपसू नका. त्याची बारीक भुकटी चार्जिंगच्या तोंडात जाते. वाऱ्यावर वाळवा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नका.

या सगळ्याला खर्च फारसा नाही. ग्रीसची एक नळी चार मित्रांत दोन पावसाळे पुरते. फ्यूज आणि चावीची जोडणी वायरमनकडून एकदाच करून घ्यायची. मृग लागण्याआधी आपण छप्पर शाकारतो, तिफण दुरुस्त करतो, बी निवडून ठेवतो. ज्याची रोजी हँडलवरच्या त्या चार पिनांवर अवलंबून आहे, त्याने त्याच आठवड्यात दहा मिनिटे त्यांच्यासाठीही काढावीत. घरात असा मुलगा असेल तर वडीलधाऱ्यांनी त्याला आठवण करावी. भर पावसात, अनोळखी वस्तीच्या वेशीवर, फोन विझलेल्या अवस्थेत त्याने उभे राहावे असे कुणालाच वाटणार नाही.